गंभीर एआरडीएस: व्हेंटिलेटरचे सेटिंग करताना या चुका टाळा

गोव्यात पावसाळा लागला की लेप्टो, डेंग्यू, एच१एन१ आणि न्यूमोनियाचे रुग्ण वाढतात. त्यांतल्या काहींची फुप्फुसे दोन-तीन दिवसांत एक्स-रेवर पांढरीफटक दिसू लागतात. समुद्रात बुडताना वाचलेल्यांचीही कधी कधी हीच गत होते. हाच एआरडीएस, म्हणजे फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरणे. अशा रुग्णाला नळी घालून व्हेंटिलेटर लावला जातो तेव्हा जवळ बहुधा एक ज्युनियर डॉक्टर आणि एक सिस्टर असते. त्या घाईत लावलेले आकडे पुढे कित्येक तास तसेच राहतात. नुकसान इथेच होते.

एक गोष्ट आधी मनात पक्की हवी. एआरडीएसमधले फुप्फुस सगळेच्या सगळे कडक झालेले नसते, ते लहान झालेले असते. बराचसा भाग पाण्याने भरून मिटलेला असतो आणि हवा घेणारा भाग थोडाच उरतो. मशीनने ढकललेली सगळी हवा त्या उरलेल्या भागात जाते. पुढच्या बहुतेक चुका हा भाग विसरून केवळ मॉनिटरवरचा आकडा सुंदर करण्याच्या नादात होतात.

टायडल व्हॉल्यूम अंगावरच्या वजनावरून लावणे

टायडल व्हॉल्यूम म्हणजे मशीन एका श्वासाला देते ती हवा. सगळ्यांत जास्त होणारी आणि सगळ्यांत सहज टाळता येणारी चूक हीच. माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुप्फुस मोठे होत नाही. ते उंचीवर ठरते. म्हणून उंचीवरून काढलेले वजन घ्यायचे आणि किलोमागे ६ मिली लावायचे. पाच फूट (१५२.४ सेंमी) उंचीला पुरुषाचे ५० किलो आणि बाईचे ४५.५ किलो धरा, आणि वरच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो वाढवा. नातेवाईक उंची फुटांतच सांगतात, त्यामुळे हा हिशेब खाटेपाशी तोंडी होतो. तरी त्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. रुग्णाला सरळ झोपवून टाळूपासून टाचेपर्यंत टेप लावा आणि आकडा चार्टवर लिहा.

उदाहरण घेऊ. पाच फुटांची, ७० किलोची बाई. ७० ला ६ ने गुणून ४२० मिली लावले, तर कागदावर ते ‘६ मिली प्रति किलो’ दिसते. प्रत्यक्षात तिचे हिशेबाचे वजन ४५.५ किलो, म्हणजे तिला मिळतात ९ मिलीहून जास्त. तिला हवेत साधारण २७० मिली. ६ आणि १२ मिलीची तुलना करणारी मोठी अमेरिकी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मृत्यूचे प्रमाण ६ मिलीच्या गटात ३१ टक्के आणि १२ मिलीच्या गटात सुमारे ४० टक्के होते. एका टेपने साधणारा एवढा फायदा आयसीयूत दुसरीकडे क्वचितच सापडतो.

प्लेटो न मोजणे

स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसते ते पीक प्रेशर. त्यात नळीचा आणि श्वासनलिकांचा अडथळाही मिसळलेला असतो. फुप्फुसावर प्रत्यक्ष किती ताण पडतो ते प्लेटो सांगतो. व्हॉल्यूम कंट्रोलवर (मशीन ठरलेली हवा देते तो मोड) अर्धा सेकंद इन्स्पिरेटरी होल्ड द्या, म्हणजे श्वास आत रोखा, आणि रेषा सपाट झाल्यावर आकडा वाचा. रुग्ण स्वतः श्वास ओढत असेल तर तो आकडा धरू नका. प्लेटो ३० सेंमीच्या (पाण्याच्या दाबाच्या) आत हवा.

मग त्यातून एकूण पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात उरणारा दाब) वजा करा. उरते ते ड्रायव्हिंग प्रेशर, आणि ते १५ च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करा. वरच्याच बाईचा प्लेटो ३२ आणि पीप १० असेल तर ड्रायव्हिंग प्रेशर २२ होते. म्हणजे एक सेंमी दाबाला जेमतेम १९ मिली हवा जाते. व्हॉल्यूम २७० केले की ड्रायव्हिंग प्रेशर १४ वर आणि प्लेटो २४ च्या आसपास येतो. दर चार तासांनी, आणि पीप किंवा व्हॉल्यूम बदलल्यावर प्रत्येक वेळी, हे पुन्हा मोजा. किलोमागे ६ मिलीवरही प्लेटो ३० च्या वर राहिला तर किलोमागे एक-एक मिलीने खाली, ४ मिलीपर्यंत जाता येते.

प्रेशर कंट्रोलवर (मशीन ठरलेला दाब देते तो मोड) ‘दाब २५ च लावलाय, मग काळजी कसली’ असे म्हणू नका. रुग्ण जोरात ओढत असेल तर त्याच दाबाला दुप्पट हवा आत जाते. तिथे बाहेर आलेल्या श्वासाचे व्हॉल्यूम पाहा.

कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून व्हॉल्यूम वाढवणे

व्हॉल्यूम कमी केले की कार्बन डायऑक्साइड वाढणारच. आधी रेट, म्हणजे मिनिटाचे श्वास, वाढवा. ४२० मिली आणि रेट १८ असताना मिनिटाला साडेसात लिटर हवा जात होती. २७० मिलीवर तेवढीच हवा द्यायला रेट २८ लागतो. कमाल मर्यादा ३५. मृत जागेचा (जिथली हवा रक्तापर्यंत पोचत नाही) वाटा वाढल्यामुळे एवढे करूनही कार्बन डायऑक्साइड थोडा चढतो. पीएच ७.२० च्या वर असेल तर तो सोसा. डोक्याला मार लागून मेंदूतला दाब वाढलेला असेल तर मात्र ही मुभा नाही. गरोदर बाईच्या बाबतीतही जपून. पीएच ७.१५ च्या खाली गेला तर व्हॉल्यूम किलोमागे एक-एक मिलीने वाढवावे लागते, पण आधी पुढच्या दोन गोष्टी पाहा.

पहिली, नळीला लावलेला एचएमई फिल्टर (श्वासातली ओल आणि ऊब धरून ठेवणारा). त्याची आतली पोकळी कित्येकदा ५० मिलीच्या वर असते आणि २७० मिलीच्या श्वासात ती फार मोठी आहे. फिल्टर आणि जादाची लवचिक नळी काढून हीटेड ह्युमिडिफायर लावला तर सेटिंगला हात न लावता कार्बन डायऑक्साइड उतरतो. दोन्ही एकदम कधीच लावू नका. एचएमई भिजून जड होतो आणि चोंदतो.

दुसरी, इन्स्पिरेटरी टाइम. रेट ३५ ला एका श्वासाला १.७ सेकंद मिळतात. आत घेण्याचा वेळ १.२ सेकंदांवरच राहिला तर बाहेर सोडायला अर्धाच सेकंद उरतो आणि हवा आत साठत जाते. फ्लोची रेषा पुढच्या श्वासाआधी शून्यावर येते का पाहा, एक्स्पिरेटरी होल्ड देऊन (श्वास सोडल्यावर रोखून) ऑटो-पीप, म्हणजे साठलेल्या हवेचा दाब, मोजा. बीपी अचानक पडले तर हे कारण आधी तपासा.

एफआयओटू १०० आणि पीप ५ वर ठेवून थांबणे

सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) पडले की एफआयओटू, म्हणजे दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा टक्का, वाढवला जातो, पीपला हात लावायला भीती वाटते. मिटलेल्या भागाला ऑक्सिजन पोचतच नाही, तो भाग आधी उघडा राहायला हवा. पीप आणि एफआयओटूची जोडी जवळपास अशी ठेवा: ४० टक्क्यांना ५ ते ८, ५० ला ८ ते १०, ६० ला १०, ७० ला १० ते १४, ८० ला १४. त्याहून वर जायची वेळ आली तर प्रोनचा, म्हणजे रुग्णाला पालथे झोपवण्याचा, विचार सुरू झालेलाच असला पाहिजे.

पीप वाढवल्यावर तेच व्हॉल्यूम ठेवून ड्रायव्हिंग प्रेशर मोजा. ते उतरले तर फुप्फुस उघडले. चढले किंवा बीपी कोसळले तर उघडा भाग जास्त ताणला जातो आहे, मागे या. ४० सेंमी दाबाने ताणून धरण्यासारखे जबरदस्तीचे प्रयोग नकोत. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत अशा आक्रमक पद्धतीने मृत्यू वाढले.

आणि सॅच्युरेशन १०० चा हट्ट सोडा. ८८ ते ९५ टक्के पुरते. बोटावरचा प्रोब सावळ्या कातडीवर थोडा जास्त दाखवू शकतो, म्हणून एबीजीशी (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी) पडताळा.

लेप्टोत फुप्फुसात रक्तस्राव असेल तर नळीतून रक्त येते आणि सिस्टर पुन्हा पुन्हा सर्किट सोडून सक्शन करते. हेतू चांगला असतो. पण प्रत्येक वेळी पीप शून्यावर येतो आणि उघडलेला भाग पुन्हा मिटतो. अशा रुग्णाला पहिल्या तासातच क्लोज्ड सक्शन (सर्किट न सोडता करता येणारे) लावा.

एकावर एक श्वास

सेट केलेले २७०, पण स्क्रीनवर एक श्वास पुरा बाहेर पडायच्या आत दुसरा चढताना दिसला तर रुग्णाला ५४० मिळत आहेत. त्याला भूल पुरत नाही, किंवा मशीन हवा फार हळू देते आहे. दाबाची रेषा मध्येच खोल गेलेली दिसली तर फ्लो ६० लिटरपर्यंत किंवा त्यापुढे वाढवा. भूल आणि वेदनाशामक नीट करा. तरी थांबले नाही तर स्नायू शिथिल करणारे औषध द्या, पण आधी भूल खोल आहे याची खात्री करूनच. प्रत्येक रुग्णाला हे औषध सरसकट देण्याची गरज नाही.

पावसाळ्यात एसीच्या थंड खोलीत हीटेड ह्युमिडिफायरच्या नळ्यांमध्ये पाणी फार साचते. ते हलले की मशीनला वाटते रुग्णाने श्वास मागितला. फ्लोची रेषा करवतीसारखी दिसली तर आधी पाणी काढा. वॉटर ट्रॅप सगळ्यांत खाली ठेवा आणि पाणी रुग्णाकडे किंवा चेंबरमध्ये परत जाऊ देऊ नका.

प्रोन उशिरा करणे, लवकर सरळ करणे

पी/एफ रेशो (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले एफआयओटू) १५० च्या खाली, एफआयओटू ६० टक्के किंवा जास्त, आणि सेटिंग नीट करून १२ ते २४ तास झाले तरी सुधारणा नाही, तर वाट पाहू नका. २०१३ च्या फ्रेंच चाचणीत प्रोनने २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. पण तिथे सलग किमान १६ तास पालथे ठेवले होते. चार तासांनी ‘सॅच्युरेशन सुधारले’ म्हणून पुन्हा सरळ केले तर तो फायदा मिळत नाही.

पालथे करायला पाच माणसे लागतात, आणि डोक्याशी उभा राहून नळी धरणारा डॉक्टरच मोजणी करतो. त्याआधी फीड बंद करून पोट रिकामे करा, डोळे बंद करून चिकटवा, ईसीजीचे इलेक्ट्रोड पाठीवर घ्या. पालथे केल्यावर सॅच्युरेशन थोडे पडते, नळी जागेवर असेल तर काही मिनिटे थांबा. मान दर दोन तासांनी फिरवा.

अचानक पडझड झाली तर

होल्ड द्या. पीक चढले आणि प्लेटो जागेवरच असेल तर अडचण नळीत किंवा श्वासनलिकांत आहे: नळी चावली गेली, गुठळी अडकली किंवा दमा उसळला. दोन्ही चढले तर नळी उजवीकडे सरकली आहे का, आणि न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) आहे का ते पाहा. एका बाजूला हवा ऐकू येत नाही आणि बीपी पडते आहे, तर एक्स-रेची वाट न पाहता सुईने हवा काढा.

काणकोणहून बांबोळीला नेताना

अँब्युलन्समधल्या व्हेंटिलेटरवर रुग्णाला निघण्याआधी १५ मिनिटे ठेवून पाहा आणि एबीजी जमला तर करा. मशीन बदलताना श्वास आत असताना नळी क्लॅम्प करा, म्हणजे पीप जात नाही. तारेची नळी (भिंतीत तार गुंडाळलेली) असेल तर क्लॅम्प नको, ती चेपलेलीच राहते. ऑक्सिजनचा हिशेब कागदावर मांडा: बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना १५०० लिटर, १०० टक्क्यांवर रुग्णाचे साडेसात आणि मशीनचे चारेक मिळून मिनिटाला १२ लिटर, म्हणजे दोन तास. बांबोळीच्या गोमेकॉपर्यंतच्या (गोवा मेडिकल कॉलेज) वाटेत पावसाने आणि ट्रॅफिकने दीड-दोन तास सहज जातात, म्हणून दोन सिलिंडर भरलेले हवेत. बरोबरच्या अंबू बॅगला (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) पीप व्हॉल्व्ह लावलेला आहे का, ते गाडीचे दार लावण्याआधी तपासा.