कॅलिपर जाम झालाय? या चुका टाळा

चतुर्थीला पेडण्याला घरी पोचलो तेव्हा गाडी दोन महिने माडाखाली पावसात उभी होती. पहिला गिअर टाकला तर जागची हलेना. थोडी रेस दिली तशी ‘खट्ट’ आवाज करून सुटली. सुटली म्हणजे झालं, असं समजून मी म्हापशापर्यंत गेलो. उतरताच पुढच्या डाव्या चाकाकडून जळका वास आला. रिमजवळ हात नेला तर तापलेल्या तव्याजवळ नेल्यासारखी धग. डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला) गंजाने चिकटलेले ब्रेकचे पॅड तेवढे सुटले होते, पण पॅड डिस्कवर दाबणारा भाग, म्हणजे कॅलिपर, जामच होता.

पहिली चूक हीच, सुटली म्हणजे झालं असं समजणं. रात्रभर पाऊस लागला की डिस्कवर तांबूस गंज धरतो आणि दोन-चार ब्रेक मारल्यावर निघून जातो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण गाडी चालताना एका बाजूला ओढत असेल, सपाटीवर सोडल्यावर पटकन थांबत असेल, किंवा चारांतलं एकच चाक जास्त तापत असेल, तर ब्रेक धरतोय. अशी गाडी घेऊन बेळगावला जायला चोर्ला घाट चढू नका. सतत घासणारा पॅड डिस्क आणि ब्रेक ऑइल दोन्ही तापवतो. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते आणि पुढच्या उतारावर पेडल थेट तळाला जातं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण हवेतली ओल शोषून तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. आपल्याकडची हवा किती दमट असते हे सांगायला नको. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलाच.

चाक तापलंय म्हणून त्यावर बादलीभर पाणी ओतू नका. डिस्क वाकते, कधी तडकतेही. सावलीत उभी करून निवू द्या.

आणि घरी चाक काढणार असाल तर जॅकखाली जाड फळी घाला. पावसात भिजलेल्या अंगणात जॅक रुततो. गाडीखाली आधाराला चिरा (जांभ्या दगडाची वीट) तर कधीच लावू नका. अंगणात चिऱ्यांची रास असते, हात आपोआप तिकडे जातो. पण भिजलेला चिरा वजनाखाली कधी फुटेल याचा नेम नसतो. आधाराला लोखंडी स्टँडच हवा.

सगळ्यात महागात पडते ती निदानाची चूक. चाक धरतंय म्हटलं की लोक थेट नवा कॅलिपर आणतात, आणि महिन्याभरात दुखणं पुन्हा तेच. आधी एवढं करून बघा: चाक वर असताना, हाताने फिरत नसेल तेव्हा, कॅलिपरचं निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. थोडं ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर पाइपमध्ये दाब अडकला होता. बहुतेकदा जुना रबरी होज आतून फुगलेला असतो: पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जातं, परत येत नाही. क्वचित दोष मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलपाशी ऑइलला दाब देणाऱ्या भागाचा, असतो. निपल सैल करूनही चाक घट्टच राहिलं, तर पॅड ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम आहेत. निपल उघडलं म्हणजे शेवटी पाइपमधली हवा काढावीच लागते, हे विसरू नका.

पॅडही बोलतात. आतला झिजून पातळ आणि बाहेरचा जवळजवळ नवा असेल, तर बहुधा पिना अडकल्यात. माझ्या गाडीत तेच होतं. पिनेवरच्या रबरी बुटाला (टोपणाला) तांदळाच्या दाण्याएवढी चीर, तिच्यातून पाणी आत गेलेलं. पिन ओढून काढली तर टोकाला ग्रीसऐवजी काळा चिकट लगदा आणि वर लाल मातीसारखी भुकटी. पिन साफ केली, बूट नवे घातले, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं. इथे साधं चाकाचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. गंज सोडवणारा स्प्रे पॅडवर वा डिस्कवर उडाला तर ब्रेकच लागणार नाही.

पिस्टन अडकला असेल तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, सीलला ओरखडा पडतो. कॉम्प्रेसरची हवा मारताना समोर बोट ठेवाल तर चिरडेल. लाकडाचा तुकडा मध्ये ठेवा आणि हवा अगदी हळू सोडा. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर सील किटचे पैसे वाया जातील, कॅलिपरच बदला. काही गाड्यांत मागच्या डिस्कचा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, नुसता दाबला तर आतली हँडब्रेकची यंत्रणा मोडते. काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. पॅड डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदला.

गाडी काढण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. मग दोन किलोमीटर, शक्यतो ब्रेक न दाबता, चालवून चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. तशीच तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा.

पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी पाचर लावा. घरच्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा ती चार हात पुढे-मागे करायला सांगा.