गोड्या पाण्यात पट्टा हलका

सोलापूरकडची जी पोरं-पोरी स्कूबा डाइव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स करून आली आहेत आणि आता शनिवार-रविवार गाठून उजनी धरणाच्या फुगवट्यात उतरायचं म्हणताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मास्कमधलं पाणी कसं काढायचं, कान कसे मोकळे करायचे, हे तुम्हाला शिकवलेलं आहे. त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते कमरेच्या पट्ट्याबद्दल, ज्यात खाली जायला शिसं ओवतात.

माझी थिअरी घरी झाली, स्विमिंग पूलचे धडे पुण्यात आणि चारही डाइव्ह मालवणच्या समुद्रात. तिथे ३ मिलिमीटर जाडीच्या डाइव्हिंग सूटवर मला ७ किलो शिसं लागलं. लॉगबुकात ठळक लिहून ठेवलं, वजन ७. दोन महिन्यांनी, जानेवारीत, एका ग्रुपबरोबर उजनीला गेलो. सूट तोच. बरोबरच्या इन्स्ट्रक्टरांनी माझ्या ७ किलोंत आणखी २ किलो ओवले आणि म्हणाले, "असू दे रे, नवख्याला खाली जायला बरं पडतं." मी काही विचारलं नाही. वयाने मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर आपल्याकडे कुणी विचारत नाही.

बीसीडीतली, म्हणजे तरंगायला अंगात घालतात त्या जाकिटातली, हवा सोडली आणि दगडासारखा खाली गेलो. कान मोकळे करायला हात नाकाशी जाईपर्यंत डाव्या भुवईच्या वर सुई टोचल्यासारखी कळ आली आणि दुसऱ्या क्षणी गुडघे चिखलात. उजनीच्या पोटात शेतं आहेत. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमाकाठचं काळं रान पाण्याखाली गेलं. ती माती तेव्हापासून भिजतेय, वर गाळाचा थर. माझे गुडघे रुतले तशी ती माती ढगासारखी उठली आणि मास्कसमोर धरलेला स्वतःचा पंजा मला दिसेना. प्रेशर गेज दिसेना. जोडीदार कुठे आहे ते कळेना. वर जायचं म्हणून बीसीडीत हवा भरायचा इन्फ्लेटर दाबला, काही झालं नाही. आणखी दाबला, दाबूनच धरला. मग एकदम सुटलो आणि थांबवता येईना.

एवढंच बरं की शिकवल्याप्रमाणे तोंडातून "आऽऽ" करत वर आलो, दम कोंडला नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माझ्यासारख्याला पाण्यात दम धरायची सवय हाडात असते. खोलवर भरून घेतलेली हवा वर येताना फुगते आणि कोंडून ठेवली तर फुप्फुस फाडते. शेजारी जाळी टाकणारे एक काका होडीत होते. ते म्हणाले, "ओ दादा, नाकातून रगत यायलंय की तुमच्या." मास्कच्या खालच्या काठाशी लाल पाणी साचलं होतं. सायनसवर दाब आल्याने तसं होतं. महिनाभर पाण्याचं नाव काढलं नाही. गिअर विकून टाकायचं ठरवलं होतं, हे आज पहिल्यांदाच कुणाला सांगतोय.

आता हिशेब नीट बघा. खाऱ्या पाण्याचं एक लिटर साधारण १.०२५ किलो भरतं, गोड्याचं १ किलो. माझं वजन ७२. सिलिंडर, बीसीडी, सूट, पट्टा धरून पाण्यात उतरणारं एकूण ओझं १०० किलोच्या आसपास. समुद्रात हे १०० किलो तोलून धरायला साडेसत्याण्णव लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. तलावात तेवढंच पाणी बाजूला सारलं तर उचल मिळते फक्त साडेसत्याण्णव किलोंची. म्हणजे पट्ट्यातून अडीच किलो कमी व्हायला हवेत. मला लागत होते साडेचार आणि कमरेला होते ९.

जास्तीचं वजन फक्त खाली नेतं असं मला वाटायचं. खरा धोका पुढे आहे. जादा साडेचार किलो तोलायला बीसीडीत साडेचार लिटर हवा भरावी लागते. ७ मीटरवर भरलेली ती हवा वर येता येता साडेसात लिटर होते. म्हणजे जरा वर सरकलात की ती फुगते आणि तुम्हाला आणखी वर ढकलते. जरा खाली गेलात की आकसते आणि तुम्ही आणखी बुडता. वजन बरोबर असेल तर बीसीडीत हवा इतकी थोडी असते की नुसत्या श्वासावर तोल सावरता येतो. जड पट्टा बांधलेल्या माणसाला तो कधीच सावरता येत नाही, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. कोर्सनंतर डाइव्हिंग सोडणारी दोन पोरं मी पाहिली, दोघांचे पट्टे जड होते.

म्हणून प्रत्येक नव्या पाण्यात, सूट बदलला तरी, उतरायच्या आधी तपासणी करा. सगळं गिअर चढवून उभ्याने तरंगा, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात, बीसीडी पूर्ण रिकामी. नेहमीसारखा श्वास घेऊन थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे. श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. झपकन बुडालात तर १ किलो काढा आणि परत बघा. सिलिंडर भरलेला असेल तर त्यानंतर २ किलो वाढवा, कारण डाइव्ह संपेपर्यंत तेवढी हवा वापरून सिलिंडर हलका होतो आणि शेवटी उथळ पाण्यात थांबणं अवघड जातं. साडेचारचा आकडा धरून मी हे केलं, माझा पट्टा ५ वर ठरला. पाच मिनिटांचं काम आहे. ग्रुप खोळंबला तर खोळंबू दे.

दोन दिवसांत कोर्स पास झाल्याचं कार्ड देतो म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका, हे माझं ठाम मत आहे. जो शिक्षक पट्टा तुमच्या हातात देऊन "किती लागेल, तूच सांग" म्हणतो, त्याच्यासाठी पाच हजार जास्त गेले तरी द्या.

उजनीत जाळी फार, पाण्याखालच्या बाभळींना अडकून राहिलेली. कात्री जवळ हवीच, आणि पाटबंधारे खात्याची परवानगी व किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना आदल्या दिवशी कल्पना, याशिवाय उतरू नका. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, तेव्हा बेत टाळा. शिवाय ३०० मीटरच्या वरचं पाणी डाइव्हिंगच्या तक्त्यांत उंचावरचं धरतात आणि उजनी ५०० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा किती खोल किती वेळ थांबायचं याचे समुद्रातले आकडे जसेच्या तसे वापरू नका. मालवणला गेलात तर रविवारी दुपारी डाइव्ह करून लगेच आंबोलीचा घाट चढू नका. तो ७०० मीटरच्या घरात जातो, वर हवेचा दाब कमी होतो आणि डाइव्हमध्ये अंगात मुरलेला वायू बुडबुडे धरू शकतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात, मी घाटालाही तेच लावतो. सोमवारची रजा टाका.

घाबरून मात्र जाऊ नका. फेब्रुवारीत मी परत त्याच जागी उतरलो, कमरेला ५ किलो. या वेळी हळू गेलो, दर हातभर अंतराला कान मोकळे करत. तळाच्या एक मीटर वर थांबलो तेव्हा खाली दगडांची एक सरळ रांग दिसली. कुणाच्या तरी शेताचा बांध होता. त्यावर एक चिलापी कल्ले हलवत उभी होती. मी श्वास घेतला की वितभर वर जात होतो, सोडला की खाली येत होतो, आणि बांधावरची माती जागची हलली नाही.