इन्हेलर कधी संपणार, ते त्यावरच लिहून ठेवा

दमा किंवा सीओपीडी (श्वासाच्या वाटा अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) यांसाठी रोज घ्यायचा स्प्रेचा इन्हेलर औषध संपल्यावरही फुसफुसत राहतो, कारण आत वायू उरलेला असतो. मग आपण नुसताच वायू ओढत बसतो. हलवून पाहिलं तरी काही कळत नाही, आणि पाण्यात तरंगतो का हे बघण्याची युक्तीही भरवशाची नाही.

डोस मोजणारा आकडा असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर:

१. डब्यावर एकूण डोस, म्हणजे फवारे, किती ते बघा. समजा १२०.
२. दिवसाला किती फवारे घेता? सकाळी २, रात्री २, म्हणजे ४.
३. १२० भागिले ४, म्हणजे ३० दिवस. सुरू केल्यापासून तिसावा दिवस कोणता येतो, ती तारीख चिकटपट्टीवर लिहून इन्हेलरच्या बाहेरच्या प्लास्टिकला लावा.
४. त्याच्या आठवडाभर आधीची आठवण मोबाईलवर लावा आणि तेव्हाच नवा आणा.

नवा इन्हेलर सुरू करताना हवेत सोडलेले फवारे डब्यावरच्या आकड्यात धरलेत का, हे आतल्या कागदावर बघा. पावडरच्या काही इन्हेलरना पाकीट फोडल्यापासूनची वेगळी मुदत असते, तीही चिकटपट्टीवर लिहा.

आणि हो, इन्हेलर टूथब्रशशेजारी ठेवा. आधी औषध, मग दात घासून चूळ. स्टेरॉइड असेल तर चूळ हवीच, नाहीतर तोंडात बुरशी धरू शकते.

धाप लागल्यावर गरजेपुरता घ्यायच्या इन्हेलरला हे गणित लावू नका. त्याचा वापर रोज सारखा नसतो, म्हणून तो जास्तीचा एक घरात असू द्या.