निर्वासितांसाठी खासदारांना सगळ्या धर्मांचं मिळून पत्र कसं द्यायचं (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

वाशीत आमचं भजनी मंडळ, चर्चवाले आणि मशिदीचा ट्रस्ट, तिघांनी मिळून असं पत्र दिलं, तो अनुभव सांगते.

आधी कायदा समजून घ्या. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, त्यामुळे जीव मुठीत धरून आलेला माणूसही 2025 च्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्टखाली येतो, पासपोर्ट-व्हिसा नसेल तर 5 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाकिस्तान, अफगाणिस्तान, बांगलादेशातून 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, ख्रिश्चन वगैरेंना सूट आहे, पण म्यानमारमधून पळून आलेला चिन जमातीचा ख्रिश्चन किंवा रोहिंग्या मुसलमान त्यात बसत नाही.

"बाहेरच्यांचं आपल्याला काय?" हे बैठकीत कुणीतरी म्हणणारच. तेव्हा उल्हासनगरची आठवण करून द्या. फाळणीनंतर सिंधी लोक लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये राहिले, आजही तिथे पत्ता "कॅम्प नंबर तीन" असाच सांगतात. आमच्याकडे हे बोलल्यावर एक सिंधी काकू उठल्या आणि काही न बोलता पहिली सही केली.

पत्र एका पानाचं ठेवा. आमचं तीन पानी होतं, मौलानांनी पेन्सिलने अर्ध्याहून जास्त खोडलं आणि बरोबरच केलं. मागण्या दोनच: निर्वासित म्हणून नोंद झालेल्यांवर फौजदारी केस नको, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदा हवा. "माणुसकी दाखवा" एवढंच लिहिलं तर कुणी काही करत नाही, खासदारांना लोकसभेत प्रश्न विचारायला सांगा, त्याची नोटीस किमान 15 दिवस आधी लागते म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी जा.

वाशी, ऐरोली, बेलापूर हे सगळं ठाणे लोकसभेतच येतं, पण खारघर-पनवेल मावळमध्ये, तिथल्यांनी पत्र वेगळं काढा.

बैठक सोसायटीच्या हॉलमध्येच घ्या, 1988 च्या कायद्याने धर्मस्थळाची जागा राजकीय कामाला वापरता येत नाही. ट्रस्टचं लेटरहेड हवं असेल तर आधी ठराव करा. आणि कृपा करून कुठल्याही निर्वासिताचं नाव, फोटो, पत्ता टाकू नका, आपल्या चांगल्या हेतूपायी तोच अडकेल.

पत्र दिल्यावर पोच घ्या, आवक नंबर आणि तारखेसकट, आणि पंधरा दिवसांनी तोच नंबर सांगून फोन करा.