‘नॅचरल बॉर्न किलर्स’ कसा पाहावा?

दिग्दर्शक ऑलिव्हर स्टोन यांचा १९९४ सालचा ‘नॅचरल बॉर्न किलर्स’ हा अमेरिकी चित्रपट पाहून उठलेल्या प्रेक्षकांत आजही दोन तट पडतात. काहींना तो खुन्यांना डोक्यावर घेणाऱ्या प्रसारमाध्यमांवरचा जळजळीत उपहास वाटतो, तर काहींना तो ज्या रोगावर बोट ठेवतो त्याच रोगाने ग्रासलेला दिसतो. आपले मत बनवण्याआधी तो नीट पाहायला हवा, आणि त्यासाठी थोडी तयारी लागते.

सुरुवात आवृत्तीच्या निवडीपासून करावी. अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र (सतरा वर्षांखालील प्रेक्षकांना मोठ्यांच्या सोबतीनेच प्रवेश) मिळावे म्हणून सुमारे चार मिनिटांची दृश्ये कापली गेली होती. ती पुढे दिग्दर्शकाच्या आवृत्तीत परत आली. माझ्या मते हीच आवृत्ती पाहावी, कारण तिच्यातील हिंसा इतकी अतिरंजित आहे की ती खरी वाटण्याऐवजी व्यंगचित्रासारखी वाटू लागते. रक्तपात सहन होत नसेल, तर चित्रपटगृहात दाखवलेली आवृत्तीही मूळ मुद्दा समजण्यास पुरेशी आहे.

कथेच्या मागे फार लागू नये. मिकी आणि मॅलरी हे प्रेमी जोडपे ५२ जणांचे बळी घेते आणि देशभर प्रसिद्ध होते, एवढे लक्षात असले की पुरे. लक्ष ठेवायचे ते प्रतिमेच्या पोतावर. छायाचित्रकार रॉबर्ट रिचर्डसन यांनी ३५ मिमी, १६ मिमी, सुपर ८ अशा वेगवेगळ्या रुंदीच्या फिल्म आणि व्हिडिओ यांची सरमिसळ केली असून मध्येच ॲनिमेशनही येते. आरंभीच्या उपाहारगृहातील प्रसंगात रंगीत चित्र एकाएकी कृष्णधवल होते आणि सुटलेली गोळी स्वयंपाकिणीच्या चेहऱ्यासमोर क्षणभर थबकते. असा बदल झाला की प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे: हे आपण कोणाच्या नजरेने पाहत आहोत, मिकीच्या, वृत्तवाहिनीच्या, की करमणुकीला सोकावलेल्या प्रेक्षकाच्या?

मॅलरीच्या घरचा प्रसंग तर दोनदा पाहावा. तो दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक विनोदी मालिकेसारखा रचला आहे. बापाच्या भूमिकेत रॉडनी डेंजरफिल्ड हे नामवंत विनोदवीर आहेत. बाप मुलीला लैंगिक अत्याचाराच्या धमक्या देतो आणि पार्श्वभूमीला ध्वनिमुद्रित हशा पिकत राहतो. दुसऱ्यांदा पाहताना डोळे मिटून केवळ तो हशा ऐकावा. संपूर्ण चित्रपटाचा युक्तिवाद मला या काही मिनिटांत सर्वांत धारदार वाटतो, कारण इथे क्रौर्याची करमणूक कशी होते हे कोणी सांगत नाही. ते आपल्या कानांवर घडते.

उत्तरार्धात, जोडपे पकडले गेल्यावर, वेन गेल या दूरचित्रवाणी निवेदकाकडे पाहावे. रॉबर्ट डाउनी ज्युनियर यांनी साकारलेला हा माणूस तुरुंगातून मिकीची थेट मुलाखत प्रक्षेपित करतो, ती पाहून कैदी पेटून उठतात आणि दंगलीत तो स्वतःही बंदूक हाती घेतो. शेवटी मिकी आणि मॅलरी त्यालाच ठार करतात व साक्षीदार म्हणून फक्त कॅमेरा मागे ठेवतात. इथे चित्रपट बंद करू नये. त्यानंतर ओ. जे. सिम्पसन (माजी पत्नीच्या खुनाचा आरोप झालेला फुटबॉलपटू), मेनेंडेझ बंधू (आईवडिलांचे खुनी), वेको (टेक्सासमधील एका पंथाच्या वस्तीला पडलेला वेढा) अशा त्या काळच्या खऱ्या वृत्तचित्रांची मालिका येते, आणि तिच्यामुळेच उपहासाचा रोख पडद्याबाहेर वळतो.

विरोधकांचा एक आक्षेप मला खरा वाटतो. बाप, पोलीस अधिकारी, तुरुंगाधिकारी, निवेदक हे सारे इतके किळसवाणे रंगवले आहेत की खुनी जोडपेच त्यांच्यात सर्वांत आकर्षक ठरते. प्रेक्षकाची सहानुभूती अशी आधीच ठरवून टाकल्याने उपहास लंगडा पडतो. मात्र या आक्षेपात अनुकरणाचा वाद मिसळू नये. या चित्रपटाच्या प्रभावातून गुन्हा घडल्याचा दावा करणारा लुइझियानातील खटला २००१ मध्ये फेटाळला गेला, आणि तसाही तो प्रश्न चित्रपटाच्या यशापयशाहून निराळा आहे. चर्चेला बसताना एकच प्रसंग निवडावा, तो पुन्हा लावावा आणि त्या प्रसंगी आपल्याला हसू नेमके कुठे आले व कुठे विरले, ते एकमेकांना सांगावे.