अमली पदार्थांच्या गुन्ह्याचा पाठपुरावा कसा करावा: जप्तीच्या बातमीपासून निकालापर्यंत

अमली पदार्थ पकडल्याची बातमी बहुधा दोन आकडे सांगून संपते: मालाची बाजारातील किंमत आणि अटक झालेल्यांची संख्या. पुढे त्या मालाचे काय झाले, दोषारोपपत्र मुदतीत गेले का, तपास पुरवठादारापर्यंत पोहोचला का आणि खटला न्यायालयात टिकला का, हे विचारायला सहसा कोणी जात नाही. सरकारची जबाबदारी खऱ्या अर्थाने याच टप्प्यांवर तपासता येते, आणि त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती सामान्य नागरिकाला मिळवता येते.

सुरुवात बातमीपासूनच करावी. पोलीस ठाणे, गुन्हा नोंदणी क्रमांक, लावलेली कलमे, जप्तीची तारीख आणि मालाचे वजन एवढ्या पाच गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. कोट्यवधींची किंमत हा अंदाज असतो; अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा, १९८५ वजन मोजतो. मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतील एमडी, ५० ग्रॅमच्या पुढे गेले की ‘व्यापारी प्रमाण’ ठरते, तर गांजासाठी ही मर्यादा २० किलो आहे. जामिनाच्या कडक अटी, किमान १० वर्षांची शिक्षा आणि तपासाची वाढीव मुदत या साऱ्या गोष्टी या प्रमाणावर अवलंबून असतात, म्हणून वजन हाती नसेल तर पुढचा हिशेब लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता, प्राथमिक माहिती अहवाल सर्वसाधारणपणे २४ तासांत संकेतस्थळावर टाकणे पोलिसांना बंधनकारक आहे. तो तेथे नसेल, तर का नाही, हाच पहिला प्रश्न.

त्यानंतर दिनदर्शिकेवर १८० दिवस मोजावेत. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी एवढी मुदत मिळते, आणि सरकारी वकिलाने तपासाची प्रगती व आरोपीला कोठडीत ठेवण्याची विशिष्ट कारणे लेखी मांडली, तर विशेष न्यायालय ती एक वर्षापर्यंत वाढवू शकते. मुदत उलटली आणि दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. असा जामीन मंजूर झाल्यावर लोकांचा राग न्यायालयावर निघतो; वास्तविक प्रश्न तपास अधिकाऱ्याला आणि त्याच्या वरिष्ठांना विचारला पाहिजे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांक टाकून खटला शोधता येतो आणि पुढील तारखा व आदेश वाचता येतात.

जप्त मुद्देमालाचा प्रवास हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५२-अ नुसार मालाची यादी करून ती दंडाधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, त्यांच्यासमोर छायाचित्रे व नमुने घ्यावे लागतात आणि नंतर मालाची विल्हेवाट लावावी लागते. जप्त माल वर्षानुवर्षे मालखान्यात पडून राहतो आणि त्याला पाय फुटण्याची भीती असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मोहनलाल प्रकरणात गांभीर्याने नोंदवले आणि साठवण व नाशाबाबत सविस्तर निर्देश दिले. डिसेंबर २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र नियमही लागू आहेत. म्हणून आपल्या जिल्ह्यात किती माल जप्त झाला, त्यापैकी किती नष्ट केला आणि किती शिल्लक आहे, ही तीन वजने मागावीत. पहिल्यातून दुसरे वजा केल्यावर तिसरे आले नाही, तर लेखी खुलासा मागण्यास ठोस आधार मिळतो.

ही माहिती मागण्याचे साधन म्हणजे माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, असा राज्याचा नियम आहे. चालू तपासाची कागदपत्रे मागितली की माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ज) दाखवून नकार येतो, त्यामुळे एखाद्या आरोपीची माहिती मागण्याऐवजी एकत्रित आकडे मागावेत. उदाहरणार्थ: ‘अमुक तीन वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात एनडीपीएस कायद्याखाली दाखल झालेले व्यापारी प्रमाणाचे गुन्हे, त्यांपैकी १८० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालेले, मुदतवाढ मिळालेले आणि मुदत उलटल्याने जामीन झालेले गुन्हे यांची वर्षनिहाय संख्या द्यावी.’ तरीही नकार आला, तर तपास चालू आहे एवढेच कारण पुरत नाही, माहिती दिल्याने त्याला अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटले आहे. पहिल्या अपिलात हा मुद्दा आवर्जून मांडावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची, त्यानंतर पहिले अपील ३० दिवसांत आणि त्याच्या निर्णयानंतर दुसरे अपील ९० दिवसांत करता येते. केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग, म्हणजे एनसीबी, माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने त्याला सूट आहे. मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांविषयीची माहिती त्या सुटीत बसत नाही.

जबाबदारी अनेक खात्यांत विभागली गेली की ती कोणाचीच उरत नाही, हे पुण्याच्या ससून रुग्णालयातील प्रकरणाने दाखवले. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस रुग्णालयाबाहेर मेफेड्रोन पकडले गेले, त्याचा धागा तेथेच उपचारांच्या नावाखाली बराच काळ दाखल असलेल्या एका न्यायबंदीपर्यंत पोहोचला, आणि २ ऑक्टोबरला तो आरोपी तेथून पळाला. बंदोबस्तावरील पोलीस निलंबित झाले. परंतु कैद्याला रुग्णालयात पाठवणारे कारागृह, त्याला दाखल ठेवणारे डॉक्टर आणि पहारा देणारे पोलीस अशा तीन यंत्रणांचा येथे संबंध होता, आणि त्यांपैकी एक वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील होती. अशा प्रकरणात एकच अर्ज करून भागत नाही. कारागृहाकडे बाहेर पाठवलेल्या कैद्यांची संख्या, रुग्णालयाकडे महिन्याहून अधिक काळ दाखल राहिलेल्या कैद्यांची संख्या आणि पोलिसांकडे पहाऱ्याच्या नेमणुकीचे आदेश स्वतंत्रपणे मागावेत. कोणाच्या आजाराची माहिती मागू नये. ती खासगी असते आणि नकाराला आयते कारण मिळते.

मोठ्या प्रसिद्धीच्या छाप्यांनाही हीच कसोटी लावावी. ऑक्टोबर २०२१ मधील मुंबईच्या क्रूझवरील छाप्यात आरोपी केलेल्या २० जणांपैकी १४ जणांविरुद्धच मे २०२२ मध्ये दोषारोपपत्र दाखल झाले. उरलेल्या सहा जणांविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचे तपास यंत्रणेनेच सांगितले. पंच कोण होते आणि झडतीचे चित्रीकरण झाले का, हे प्रश्न त्या वेळी कळीचे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे आवश्यक झाले आहे.

खटल्यातून आरोपी निर्दोष सुटला, तर निकालपत्र पूर्ण वाचावे. मिळालेली खबर लेखी नोंदवून ७२ तासांत वरिष्ठांना कळवली का, अटक व जप्तीचा अहवाल ४८ तासांत गेला का, अंगझडतीपूर्वी आरोपीला त्याचा हक्क सांगितला का, यांविषयीचे न्यायाधीशांचे निष्कर्ष तेथे सापडतात. किशनभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये प्रत्येक राज्याला असे आदेश दिले की, सुटलेल्या खटल्यांची छाननी करणारी पोलीस व अभियोग विभागातील वरिष्ठांची समिती असावी आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई व्हावी. आपल्या राज्यातील या समितीच्या बैठका किती झाल्या आणि किती अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, हा प्रश्न माहिती अधिकारात विचारता येतो. फार थोडे लोक तो विचारतात.

अधिकाऱ्याने संगनमत केल्याचा पुरावा हाती असेल, तर एनडीपीएस कायद्याचे कलम ५९ लक्षात ठेवावे: त्यात १० ते २० वर्षांची शिक्षा आहे, पण न्यायालयाला दखल घेण्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते. म्हणून तक्रारीची प्रत गृह विभागाला पाठवावी आणि मंजुरीच्या प्रस्तावाची सद्यःस्थिती लेखी विचारत राहावे. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. जमवलेले आकडे स्थानिक आमदारांना अधिवेशनाच्या पुरेसे आधी दिल्यास तारांकित प्रश्नासाठी उपयोगी पडतात, कारण सभागृहातील उत्तराला मंत्री बांधील असतात.

या सगळ्या कामात खबऱ्याची, साक्षीदाराची किंवा व्यसनात अडकलेल्या मुलाची ओळख समाजमाध्यमांवर उघड करू नये. विक्रीची ताजी माहिती असेल, तर ती १९३३ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर द्यावी, आणि तक्रार क्रमांक व तारीख त्याच वहीत उतरवून ठेवावी.