रोजच्या ताटातले गोड : किती वाढावे, केव्हा वाढावे

रोजच्या जेवणात गोड पदार्थ असावा की नसावा, हे ठरवण्याआधी आपल्या घरात नकळत किती साखर पोटात जाते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. हा हिशेब चहापासून सुरू करावा, कारण नागपुरात उन्हाळ्याच्या भर दुपारीही चहा सुटत नाही. चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे साधारण चार ग्रॅम. कपाला दोन चमचे आणि दिवसाला तीन कप धरले, तरी चोवीस ग्रॅम साखर एकट्या चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनेनुसार, पदार्थात वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ती पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर अधिक चांगले. दोन हजार कॅलरींचा आहार धरला, तर हे प्रमाण अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम भरते. म्हणजे ज्या घरात ‘आम्ही रोज गोड खात नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते, तिथेही पंचवीस ग्रॅमांची मर्यादा संध्याकाळच्या आतच जवळजवळ संपलेली असते, आणि चहासोबतची बिस्किटे तर अजून मोजलेलीच नाहीत.

रोजच्या जेवणात थोडे गोड असायला हरकत नाही, किंबहुना ते असावे, असे माझे मत आहे. मात्र ते ताटातच वाढलेले असावे आणि त्याची साखर दिवसाच्या दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून वजा झालेली असावी. त्यासाठी चहाची साखर दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करावी. एकदम निम्मी केली तर घरात कुरबूर होते आणि दोन दिवसांत डबा पुन्हा उघडतो. हळूहळू कमी केली तर जिभेला नवी चव अंगवळणी पडते. चार आठवड्यांत दोन चमच्यांचा एक चमचा होतो, तीन कपांमागे बारा ग्रॅम साखर वाचते, आणि तेवढ्यात रोजची एक लहान वाटी गोड सहज बसते.

गोड केव्हा वाढायचे, हा प्रश्न किती वाढायचे याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. जेवण आटोपल्यावर गोडाची वेगळी फेरी करण्याची रीत आता अनेक घरांत आहे. आपल्या पंगतीत जिलबी मठ्ठ्यासोबत जेवणाच्या मध्यावर येते आणि जेवणाचा शेवट ताकभाताने होतो. या जुन्या क्रमामागे चांगला व्यवहार आहे. एकच चव बराच वेळ खाल्ली की तिची इच्छा मंदावते, पण नव्या चवीची इच्छा शिल्लक राहते, म्हणून पोट गच्च भरले तरी गोडाला जागा निघतेच. हे गोड भरल्या पोटावर जास्तीचे पडते. तेच गोड ताट वाढतानाच समोर आले, तर माणूस त्याचा अंदाज घेऊन जेवतो आणि अर्धी पोळी कमी घेतो. ताटात गोड दिसले म्हणून सुरुवात त्यानेच करावी असे मात्र नाही. आधी कोशिंबीर, भाजी, वरण आणि मग गोड, असा क्रम ठेवल्यास रक्तातील साखर एकदम वर चढत नाही. दातांचेही गणित असेच आहे. तोंडात साखर गेली की तिथले जीवाणू आम्ल तयार करतात. जेवताना लाळ भरपूर सुटत असल्यामुळे ते लवकर धुतले जाते. जेवणातल्या लाडवापेक्षा चार वाजता येता-जाता तोंडात टाकलेला लाडू दातांना अधिक बाधतो, तो यामुळेच.

रोजच्या गोडासाठी पदार्थ निवडताना त्याच्या कृतीतील साखरेचे प्रमाण पाहावे. घरच्या श्रीखंडात चक्का आणि साखर जवळजवळ समसमान असतात, आणि पुरणातही डाळीइतकाच गूळ पडतो, म्हणून हे पदार्थ सणावारासाठीच ठेवावेत. रोजसाठी आदल्या दिवशीची पोळी कुस्करून, त्यात चमचाभर गूळ आणि थोडे तूप घालून केलेला मलिदा, दलियाची खीर किंवा कोहळ्याची खीर बरी.

कोहळ्याची, म्हणजे पुण्याकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात त्याची, खीर चार माणसांसाठी अशी करावी. दोन वाट्या कीस चमचाभर तुपावर कच्चा वास जाईपर्यंत परतावा, त्यात अर्धा लिटर दूध घालून मंद आचेवर कीस बोटाने सहज दाबला जाईल इतका शिजू द्यावा. साखर त्यानंतरच घालावी. आधी घातली तर कीस नीट मऊ होत नाही आणि खीर दाताखाली करकरीत लागते. साखर दहा सपाट चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅम घ्यावी. माणशी दहा ग्रॅम होते. वेलदोड्याची पूड आणि अगदी चिमूटभर मीठ घातल्यास तेवढीच साखर जास्त गोड भासते. ही खीर कोमट असतानाच वाढावी, कारण थंड पदार्थात गोडी कमी जाणवते आणि फ्रिजमधून काढलेल्या खिरीवर हमखास वरून साखर घेतली जाते. साखरेऐवजी गूळ वापरायचा असेल तर खीर उतरवून थोडी निवल्यावर घालावा, म्हणजे दूध फाटत नाही. गुळाची चव वेगळी आणि अनेकांना अधिक आवडणारी असते, हे त्याचे खरे कारण समजावे. गूळही मुख्यतः साखरच आहे, आणि ‘गुळाचे आहे, चालते’ म्हणून दुसरी वाटी घेण्यास त्यात आधार नाही.

ज्या महिन्यांत संत्री असतात, त्या महिन्यांत शिजवण्याची यातायात करूच नये. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलोऱ्याची, फळे साधारण दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फेब्रुवारी-मार्चमध्ये. सोलून फोडी खाल्लेले संत्रे वर सांगितलेल्या साखरेच्या मर्यादेत धरले जात नाही. त्याचाच रस मात्र धरला जातो, कारण चोथा मागे राहतो आणि एका पेल्यात तीन-चार फळे विनासायास रिचवली जातात. संत्रा बर्फीला संत्र्याच्या खात्यात टाकण्याची चलाखी मात्र कोणी करू नये; ती पाहुण्यांसोबत गावी पाठवण्यासाठी उत्तम आहे. मे महिन्यात आमरस हेच त्या दिवसाचे गोड समजावे. आंबा चांगला पिकलेला असेल तर रसात साखर लागत नाही, आणि सोबत सरगुंडे, म्हणजे गव्हाच्या पिठाचे काडीवर वळलेले वाळवण, असतील तर पोळीही कमी करावी.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस वेगळे धरावेत. पोळ्याची पुरणपोळी, तान्ह्या पोळ्याला मुलांनी गोळा केलेला खाऊ, गणपतीचे मोदक, महालक्ष्म्यांचा नैवेद्य, पितृपक्षातली खीर आणि पुढे फराळ, असे गोड स्वतःच चालून येते. या काळात रोजची वाटी बंद ठेवावी आणि सणाचे गोड मनसोक्त, पण त्याच दिवशी खावे. पुरणपोळीवर तुपाची धार धरताना कोणी ग्रॅम मोजू लागले, तर त्याला पंगतीतून उठवावे.

दोन वर्षांखालील मुलांच्या खाण्यात वरून साखर घालू नये. त्यापुढच्या मुलांना ‘भाजी संपवलीस तरच गोड मिळेल’ असे सांगण्याची पद्धत मोडावी, कारण त्यातून भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस ठरते. त्यांच्या ताटातही गोड भाजीसोबतच लहान वाटीत वाढावे आणि दुसऱ्यांदा विचारू नये. घरात कोणाला मधुमेह असेल तर गोडाचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि त्या जेवणातली पोळी किंवा भात त्या मानाने कमी करावा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली सर्वांनाच उपयोगी पडते. मे महिन्यात अंगण रात्रीही तापलेले असते, तेव्हा ती घरातल्या घरात घालावी.

शेवटी राहतो तो भेट आलेला मिठाईचा डबा, ज्यामुळे हा सगळा हिशेब बिघडतो. तो टेबलावर उघडा ठेवू नये. आला त्याच दिवशी त्यातले घरच्यांपुरते, माणशी एक-दोन तुकडे काढून उरलेला डबा शेजारी किंवा कामाच्या ठिकाणी वाटून टाकावा. खव्याची मिठाई नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेर टिकत नाही; ती फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी आणि तेवढे दिवस खिरीसाठी कोहळे किसू नये.